सीप्झच्या काकू आणि बंद पडलेला कॉम्प्युटर



घाटकोपर पश्चिमेला आमच्या बचत गटाची एक खोली आहे. तिथे कपाटाशेजारी जुना कॉम्प्युटर ठेवलेला असतो. पेन्टियम फोर, जड काचेचा मॉनिटर आणि पांढऱ्याचा पिवळा पडलेला डबा. या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो. खरं तर सीपीयू म्हणजे त्या डब्यातली एक चिप, पण नाव रुळलंय, त्यामुळे मीही सीपीयूच म्हणणार आहे.

२०१८ च्या मे महिन्यात आमच्या गटातल्या एक ताई कायमच्या गावी जायला निघाल्या. त्यांनी आपल्या बचतीचा पूर्ण हिशेब मागितला. गट सुरू झाला फेब्रुवारी २००२ ला, महिन्याला पन्नास रुपये. पण २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या वस्तीत कमरेएवढं पाणी आलं आणि रजिस्टरं भिजली. बायकांची पासबुकंही गेली. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हे आपल्या सगळ्यांच्या अंगावर कोरलेलं आहे. पुढे त्या वेळच्या ताईंनी ओली पानं पंख्याखाली वाळवली, जेवढं वाचता आलं तेवढं एका ऑफिसने दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवलं आणि कुजलेली रजिस्टरं फेकून दिली. म्हणजे पहिल्या साडेतीन वर्षांचा हिशेब फक्त त्या पिवळ्या डब्यात होता. आणि डबा कधीचा बंद.

तुम्ही म्हणाल, आतली हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची. आम्हीही तेच केलं. फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी दिसली. तेव्हा मराठी लिहायचं तर प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि त्याची आतली मांडणीही वेगळी. आजच्यासारखं कुठेही उघडा आणि वाचा, असं नव्हतं. फॉन्टचं सॉफ्टवेअर चालायला प्रिंटरच्या भोकात एक चिमुकला डबा खोचावा लागे. त्याला लॉक म्हणत. नव्या मशिनांना ते भोकच नसतं. थोडक्यात, आमचा हिशेब वाचायला आमचाच कॉम्प्युटर जिवंत व्हायला हवा होता.

दुकानात नेला. मुलाने बटण दाबलं, पंखा क्षणभर फिरला आणि थांबला. “मदरबोर्ड गेला, ताई. याचे पार्ट येत नाहीत आता. भंगारात तीनशे देतील.” डबा उघडून आत पाहायची तसदी त्याने घेतली नाही.

खोलीत परत आणला तेव्हा आमच्या गटातल्या एक काकू भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “उघड ना, आत काय आहे बघू.” मला वाटलं, सहज म्हणतायत. मग त्या म्हणाल्या, “मी सीप्झला सोल्डरिंगला होते. सात वर्षं.” दोन वर्षं मी गटाचं काम बघत होते, दर महिन्याला काकूंची सही घेत होते, आणि मला हे माहीतच नव्हतं.

सीप्झ म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्र. नाव सांताक्रूझचं, जागा अंधेरी पूर्वेला, मरोळजवळ. १९७३ साली सरकारने ते फक्त इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी काढलं. सुटे भाग परदेशातून आणायचे, इथे जोडायचे आणि माल परदेशी पाठवायचा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे दागिन्यांचे कारखाने येऊ लागले, आणि आज सीप्झ म्हटलं की लोकांना हिरे आणि सॉफ्टवेअर आठवतं. पण सुरुवात झाली ती सर्किट बोर्डाने, आणि ते बोर्ड जोडणाऱ्या बहुतेक मुली होत्या. मालक म्हणायचे, बायकांची बोटं नाजूक असतात. मलेशियात, मेक्सिकोतही कारखानदार हेच म्हणायचे. पगार कमी द्यावा लागतो, हे मात्र कोणी बोलून दाखवत नसे. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे बायकांना रात्रपाळी नव्हती, म्हणून या मुलींची पाळी दिवसाची.

काकू १९७९ साली लागल्या, अठराव्या वर्षी. बसने घाटकोपरहून जायच्या. समोर बोर्ड, एका हातात सोल्डरची तार, दुसऱ्यात सोल्डरिंग आयर्न. ही तार कथील आणि शिशाची असते, पोटात राळ भरलेली. राळ वितळली की तांब्यावरचा गंज खाते आणि कथील चिकटतं. कल्हईवाला भांड्यात नवसागर टाकायचा तेही याचसाठी. काकू सांगतात, बरोबर बसलेला सांधा चमकतो, कडेला उतरता असतो. भुरकट गोळा दिसला तर तो थंड सांधा. वरून जोडलेला दिसतो, आतून सुटा असतो, आणि मशीन कधी चालतं, कधी नाही. असा सांधा त्या नजरेने ओळखायच्या. बोर्ड कशात बसणार, हे मात्र त्यांना कोणी कधी सांगितलं नाही. राळेच्या धुराचा खोकला त्यांना अजून आहे. पंखा नव्हता, खिडकी होती, आणि खिडकीजवळची जागा जुन्या बायकांची.

बायका आणि कॉम्प्युटरचा बिघाड यांचं नातं त्याहून जुनं आहे. अमेरिकेत १९४६ साली एनिअॅक नावाचा खोलीएवढा कॉम्प्युटर जगासमोर आला. त्यात सुमारे १८,००० काचेच्या नळ्या होत्या. आपल्या जुन्या रेडिओत असायच्या तशा. त्यावर गणितं बसवायचं काम सहा तरुणींकडे होतं. त्यांच्या हातात शिकवणीचं पुस्तक नव्हतं, फक्त मशीनचे नकाशे होते. ते वाचून वाचून त्यांना मशीन इतकं कळलं की बिघाड झाला तर हजारो नळ्यांतली नेमकी कोणती गेली, इथपर्यंत त्या पोचायच्या. मशीन दाखवायचा मोठा समारंभ झाला, पण त्या रात्रीच्या मेजवानीला या सहा जणींना बोलावणं नव्हतं. चाळीसेक वर्षं त्यांची नावं कोणी घेतली नाहीत.

आपल्या मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतःचा कॉम्प्युटर बांधला, तो १९६० साली सुरू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. त्यात २,७०० नळ्या होत्या. नळी म्हणजे तापणारी वस्तू, ती कधीतरी जाणारच. बांधणाऱ्यांनाच दुरुस्तीही करावी लागे, कारण बोलवायला दुसरं कोणी नव्हतंच. पुढे मोठ्या ऑफिसांत आय.बी.एम. कंपनीची मशिनं आली. ती भाड्याची, त्यांना हात फक्त कंपनीचा माणूस लावणार. परकीय चलनाच्या कायद्याच्या अटी न पटल्याने १९७८ साली आय.बी.एम. भारतातून निघून गेली आणि त्या मशिनांची देखभाल सी.एम.सी. या सरकारी कंपनीकडे आली. सी.एम.सी. म्हणजे कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. देखभाल हा शब्द नावातच असलेली सरकारी कंपनी! रेल्वेचं पहिलं कॉम्प्युटर आरक्षणही पुढे त्यांनीच केलं. जो दुरुस्त करतो त्याला मशीन कळतं, ते असं.

टेबलावरचा कॉम्प्युटर आला तो १९८४ च्या नोव्हेंबरमधल्या नव्या कॉम्प्युटर धोरणानंतर. आयात सोपी झाली. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळू लागले आणि उपनगरांत क्लास आणि दुकानं निघाली. ‘असेंबल्ड’ हा शब्द आपल्या बोलण्यात आला तो तेव्हाचा. पण एक गोष्ट बदलली नाही. मशीन म्हणजे देवघर. वातानुकूलित खोली, चपला बाहेर, पडद्यावर कापडी झाकण. माझ्या शाळेतही नव्वदीच्या शेवटी हेच होतं. टाइपिंग शिकलेल्या मुलींना ऑपरेटरची कामं मिळाली, कळफलकावर त्यांची बोटं दिवसभर चालायची. मशीन अडलं की मात्र “हात लावू नका, इंजिनिअर येतोय.”

आणि इंजिनिअर येऊन काय करायचा, ते ऐका. त्या पहिल्या एक्स.टी. मशिनांत मेमरीच्या चिपा खोबणीत नुसत्या बसवलेल्या असायच्या. मशीन दिवसा तापायचं, रात्री थंड व्हायचं. प्रसरण, आकुंचन, पुन्हा प्रसरण. महिन्या-दोन महिन्यांत चिपा खोबणीतून कणाकणाने वर यायच्या. इंजिनिअर झाकण काढून एकेक चिप अंगठ्याने दाबायचा. टक्, टक् आवाज यायचा आणि मशीन चालू.

त्यापुढच्या ३८६ आणि ४८६ च्या काळातला रोग वेगळा. घड्याळ चालू राहावं म्हणून बोर्डवरच एक पिंपासारखी छोटी बॅटरी डकवलेली असे. काही वर्षांनी ती पाझरायची, आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खायचा. हिरवा-निळा बुरा दिसला की समजायचं. औषध स्वयंपाकघरातलं: व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाने लावायचा, क्षार मारायचा, मग स्पिरिटने पुसायचं. वेळेवर लक्ष गेलं तर बोर्ड वाचे. नंतर नाण्यासारखा सीआर २०३२ सेल आला. तो तीन व्होल्टचा, आणि पाझरण्याची तक्रार क्वचित. तो उतरला की मशीन तारीख विसरतं, एवढंच.

वीजपुरवठ्याच्या डब्याची गंमत तर दुरुस्तीवाल्यांची मुलं घोकायची. जुन्या मशिनांत बोर्डाला दोन जुडगे लागत, पी-८ आणि पी-९. दोन्ही सारखेच दिसायचे. उलटे बसले तर बोर्ड जळणार. म्हणून पाठ केलेलं: काळ्याशेजारी काळं. दोन्हीकडच्या काळ्या तारा मधोमध एकत्र आल्या पाहिजेत. १९९५ नंतरच्या मशिनांत एकच मोठा जुडगा आला आणि हा धोका गेला.

आपल्या उपनगरांचे म्हणून काही रोग आहेत. खारा दमट वारा मेमरीच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर पापुद्रा धरतो, आणि मशीन पावसाळ्यात मुकं होतं. उपाय पोरांच्या कंपासपेटीतला, खोडरबर. हलक्या हाताने दोनदा फिरवायचं, कारण सोन्याचा थर कागदाहून पातळ असतो, घासत बसलात तर तोच जातो. दुसरा रोग चाळीतला. सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात, आणि आपण समजतो मशीन बिघडलं. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. घराला अर्थिंग नसतं. तिसऱ्या पिनेची तार कुठेच गेलेली नसते. हा बिघाड भिंतीतला आहे, तो आधी वायरमनकडून करून घ्या. आणि पुराचं पाणी शिरलं तर लगेच चालू करून बघू नका. नुसत्या पाण्याने मशीन मरेलच असं नाही, ओलं असताना वीज दिली की मरतं. चिखल स्वच्छ पाण्याने धुऊन, बरेच दिवस पूर्ण वाळवून मग बघायचं. हार्डडिस्क मात्र धुवायची नाही, तिला हवेसाठी बारीक भोक असतं.

तर आमचा पेन्टियम फोर. काकूंनी आधी प्लग काढायला लावला आणि अर्धा तास थांबवलं. वीजपुरवठ्याच्या डब्यात आणि जुन्या मॉनिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. मॉनिटरमध्ये तर हजारो व्होल्ट. ते दोन्ही आम्ही उघडले नाहीत, तुम्हीही उघडू नका.

मग झाकण काढलं. धूळ ब्रशने काढली. मेमरीची पट्टी खोडरबराने पुसली. फरक नाही. वीजपुरवठा बोर्डापासून सुटा केला, मोठ्या जुडग्यातली हिरवी तार आणि एक काळी तार पेपरक्लिपने जोडली. हा काकूंच्या भाच्याने शिकवलेला डाव. पंखा फिरला, आणि फिरत राहिला. त्याच्याच मल्टिमीटरने पाहिलं, पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट. म्हणजे तो डबा निर्दोष. पुन्हा बोर्डाला जोडला, मेमरीची पट्टी मुद्दाम काढली आणि बटण दाबलं. दोन-तीन प्रयत्नांनंतर एकदा मशीन लांब लांब कण्हलं, आणि पुन्हा मेलं. मला तो आवाज भेसूर वाटला. भाचा खूश झाला. माझी मेमरी कुठे आहे, असं मशीन विचारतंय, म्हणजे त्याचा मेंदू शाबूत आहे. मरतंय ते दुसऱ्याच कशाने.

काकूंनी चष्मा लावला, खिडकीशी बोर्ड तिरका धरला आणि म्हणाल्या, “हे बघ. फुगलेत.”

प्रोसेसरशेजारी कपॅसिटरांची रांग होती, करंगळीच्या पेराएवढे उभे डबे. कपॅसिटरचं काम आपल्या पिंपासारखं. नळाला पाणी धक्क्याधक्क्याने येतं, पण पिंपातून तांब्या भरला की सरळ मिळतं. प्रोसेसरला दीडेक व्होल्टची अगदी संथ वीज लागते, ती हे डबे देतात. वरचं झाकण सपाट असायला हवं. आमच्यातले पाच टरारून आले होते आणि दोघांच्या डोक्यावर तपकिरी पापुद्रा होता. झाकणावर खोबण मुद्दाम कोरलेली असते, आतला वायू वाढला की स्फोट न होता तिथूनच फुटावं म्हणून.

हा रोग एकट्या आमच्या मशीनचा नव्हता. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभरच्या कॉम्प्युटरांचे कपॅसिटर असे फुगले. काही कारखान्यांनी, त्यातले बरेच तैवानचे, आत भरायचं द्रावण सदोष बनवलं होतं. आत वायू तयार व्हायचा आणि वर्षानुवर्षं टिकायचे ते डबे दोन-तीन वर्षांत जायचे. इंग्रजीत याला कपॅसिटरांचा प्लेग म्हणतात. “बोर्ड गेला” म्हणून किती मशिनं भंगारात गेली असतील, जी पाच डबे बदलून उठली असती! भंगारातल्या इलेक्ट्रॉनिक मालाबद्दल आपल्याकडे नियम लागू झाले तेच २०१२ च्या मे महिन्यात.

लॅमिंग्टन रोडवरून नवे कपॅसिटर आणले. आकडे तेच, ६.३ व्होल्ट आणि ३,३०० मायक्रोफॅरॅड, पण १०५ अंशांचे. ८५ चे स्वस्त असतात, प्रोसेसरच्या धगीत टिकत नाहीत. पाच कपॅसिटरांचे पन्नास रुपये. काकूंना आम्ही २५ वॅटचं आयर्न दिलं, तर जुना सांधा वितळेचना. बोर्डाच्या आत तांब्याचे थर असतात, ते उष्णता पिऊन टाकतात. वायरमनकडून ६० वॅटचं आणलं. काकूंनी जुन्या सांध्यावर आधी थोडं नवं कथील सोडलं, त्याने जुनं लवकर पाघळतं. आळीपाळीने दोन्ही पायांना ऊब देत डबा हळूहळू हलवत काढला. भोकात राहिलेलं कथील टूथपिकने मोकळं केलं. नव्या डब्याच्या अंगावरची पट्टी म्हणजे ऋण बाजू, ती बोर्डावरच्या खुणेशी जुळवली. उलटी बसली तर डबा फुटतो. काकूंनी तीनदा तपासलं. बत्तीसेक वर्षांनी हातात आयर्न घेतलेलं. पहिला सांधा जरा जाड झाला, त्यांनी तो पुसून परत केला. दुसऱ्यापासून हात बसला. पाचही सांधे चमकत होते. पंखा आणि दार उघडं ठेवूनही त्या खोकत होत्या.

मेमरी लावली, नवा सेल घातला, बटण दाबलं. एकच छोटा आवाज झाला. सगळं ठीक आहे, हा त्याचा अर्थ. पडद्यावर तारीख विसरल्याची तक्रार आली, ती एफ-वन दाबून पुढे ढकलली. मग विंडोज, मग ती फाइल, आणि मराठी अक्षरं.

गावी निघालेल्या ताईंच्या नावासमोर फेब्रुवारी २००२ ते जून २००५, सलग एक्केचाळीस हप्ते. दोन हजार पन्नास रुपये. २००४ मध्ये घेतलेलं तीन हजारांचं कर्ज, शेवटचा हप्ता पुराच्या आदल्या महिन्यात भरलेला. गटात काहीजणी म्हणत होत्या की ते कर्ज फिटलेलंच नाही. ताई त्या दिवशी खोलीत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पडद्याजवळ गेल्या, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “याचा कागद द्या.”

सगळ्या वीस जणींचे कागद छापून आम्ही रजिस्टरला लावले. मशीन अजून चालतं. पावसाळ्यात दर शनिवारी काकू ते तासभर चालू ठेवतात, आत ऊब राहिली की दमटपणा धरत नाही. गेल्या जुलैपासून त्यांच्याबरोबर दोन मुली बसतात. एकीला सोल्डर जमतं. दुसरी अजून जास्त कथील वापरते.